जुन्नरचे बंदर

जुन्नरला समुद्र नाही, पण बंदर होते. सातवाहनांच्या काळात इथला माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याकडे जाई. बहमनी काळात चौलला उतरलेला परदेशी व्यापारी घाट चढून जुन्नरला येई. 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती जुन्नरातूनच, आणि पुढे चौल हे त्या राज्याचे महत्त्वाचे बंदर ठरले. आम्ही जुन्नरकर पाहुण्यांना शिवनेरी दाखवतो, लेण्याद्री दाखवतो. चौलचे नाव मात्र कुणाच्या तोंडी नसते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे नवरा-बायको चौलला जाऊन आलो. फजरची नमाज पढून निघालो. नारायणगाव, चाकण, खोपोली, पेण, अलिबाग असे करत पाच-साडेपाच तासांत पोहोचलो. हाच पल्ला गाठायला अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याला तीन आठवड्यांहून जास्त दिवस लागले होते. 1470 च्या सुमारास तो चौलला उतरला, तो विकायला आणलेला एक घोडा घेऊन. भर पावसाळ्यात जुन्नरला आला. इथल्या चिखलाबद्दल त्याने लिहिले आहे. त्यावर आमच्या तालुक्यात कुणी वाद घालणार नाही.

रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात निकितीनचे स्मारक आहे. तिथे उभे राहून मी बायकोला पुढची हकीकत सांगितली. जुन्नरचा सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली. मुसलमान झालास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाही झालास तर घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंड. मुदत संपता संपता मुहम्मद नावाचा एक खुरासानी ख्वाजा आला. निकितीनने त्याला गळ घातली. तो खानाकडे गेला, शब्द टाकला, आणि घोडा सोडवून आणला. धर्मही वाचला.

बायको थोडा वेळ गप्प राहिली. मग आमच्या घरच्या दख्खनीत म्हणाली, "घर में बच्चों कू खान की नक्को सुनाव. उस खुरासानी की सुनाव."

मी म्हणालो, दोघांचीही सांगायला हवी. खान गाळला तर खुरासानीने काय केले, हेच मुलांना कळणार नाही.

दुपारी रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट पाहिला. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पडक्या चर्चचा उंच मनोरा आहे. मग चौलमधली जुनी मशीद आणि हमामखाना पाहिला. शहाळे प्यायला थांबलो, तर वाडीवाल्या काकांनी चौकशी केली, "कुठून आलात?"

"जुन्नर."

"ते झालं. पण मूळचे कुठले?"

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. हा प्रश्न आम्हाला सवयीचा आहे. बायकोने हसून सांगितले, "मूळचेही जुन्नरचेच, काका."

मला अल मसूदी आठवला. हा अरब प्रवासी इसवी सन 916 च्या सुमारास याच चौलला आला होता. अरब याला सैमूर म्हणत. इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात आणि त्यांतले कित्येक याच मातीत जन्मलेले आहेत, असे त्याने लिहून ठेवले. त्यांच्यासाठी त्या काळी वेगळा शब्दही होता, बयासिरा. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीही इथे असे मुसलमान होते, ज्यांना "मूळचे कुठले?" असे विचारले असते तर त्यांनी पायाखालची जमीन दाखवली असती.

हे काकांना सांगितले नाही. शहाळ्याचे पैसे द्यायला गेलो, तर त्यांनी एका शहाळ्याचे घेतलेच नाहीत. "घाटावरची पाव्हणी तुम्ही," म्हणाले.

परतताना रोह्यावरून पाली-खोपोलीचा रस्ता धरला, कारण निकितीनच्या वाटेवरही पालीचे नाव आहे. घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले. धाकटा जागाच होता. त्याने विचारले, "काय पाहिलं?" बायकोने चप्पल काढता काढता सुरुवात केली, "एक खान होता. आपल्या जुन्नरचाच."