विहिरीच्या काठावरून

कोलाडच्या नाक्यावरून महामार्गाने माणगावच्या दिशेला थोडे पुढे गेले, की रस्त्याच्या कडेला मोटारसायकल-दुरुस्तीचे एक लहानसे दुकान लागते. दुकान म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रा, हवा भरण्याचा पंप आणि पंक्चर शोधण्यासाठी पाण्याने भरलेले एक घमेले. महामार्गाच्या रुंदीकरणात ते दोनदा मागे सरले. दुकानाचा मालक डाव्या पायाने किंचित लंगडतो. गावात त्याला सारे 'मिस्त्री' म्हणतात. आम्हीही पंधरा वर्षे मिस्त्रीच म्हणत आलो. १९९९ साली कोकण रेल्वेने कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत मालट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवरून नेण्यास आरंभ केला, तेव्हा ट्रकवाल्यांची वर्दळ वाढेल आणि काम मिळेल, या आशेने तो येथे आला, एवढेच आम्हांस त्याच्याविषयी ठाऊक होते.

गेल्या पावसाळ्यात आमची जुनी स्कूटर त्याच्या दुकानी पडली होती. सरींमुळे आम्हीही तेथेच अडकलो. पत्र्याच्या आतल्या बाजूला, कॅलेंडराच्या मागे, एक विटलेले छायाचित्र अडकवलेले दिसले. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर एक तरुण येझदीवर आडवा झाला होता आणि त्याचे दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले होते.

"हा कोण, मिस्त्री?"

"मीच, सर," तो पाना न थांबवता म्हणाला. "अकरा वर्षं 'मौत का कुआ' चालवला."

त्या क्षणी आमच्या मनात जे उभे राहिले, ते सांगण्यासाठी १९८७ सालच्या डिसेंबरात जावे लागेल.

आम्ही तेव्हा मुंबईत शिकत होतो आणि माहीमला मावशीच्या घरी राहत होतो. डिसेंबरात तेथे मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. दहा दिवस सारे माहीम रस्त्यावर लोटते. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद त्या गर्दीत उरत नाही. आमची मावशीदेखील नाताळची खरेदी आटोपून हलवा घ्यायला उरुसात जात असे. समुद्राच्या बाजूला आकाशपाळणे लागत आणि त्यांच्या शेजारी ती लाकडी विहीर उभी राही. जिना चढून वर गेले, की काठावर गोल उभे राहून आत वाकून पाहायचे. तळाशी सायलेन्सर काढलेल्या दोन मोटारसायकली गुरगुरत. मग एक तरुण तिरप्या फळीवरून भिंतीवर चढे, आणि पाहता पाहता त्याचे चाक आमच्या छातीच्या उंचीला येई. फळ्या थरथरत, पायांखालचा कठडा हले, जळक्या तेलाचा वास नाकात भरे.

प्रेक्षकांनी हातात नोट धरायची आणि स्वाराने वेगात येऊन ती हिसकावून न्यायची, ही त्या खेळातील परमोच्च घटका. त्या रात्री आम्ही दहा रुपयांची नोट धरली. स्वार आला, त्याने हात उंचावला, आणि आम्ही नोट मागे घेतली. शेजारचे मित्र हसले. दुसऱ्या फेरीला तो पुन्हा आला. आम्ही पुन्हा तेच केले. तिसऱ्या फेरीला त्याचे चाक फळ्यांवरून घसरले. मोठा आवाज झाला, धूर उठला आणि तो गाडीसकट तळाशी गेला. लोक किंचाळले. तो उठून बसला, एक हात दुसऱ्या हाताने पोटाशी धरून. दोघांनी त्याला खालच्या दारातून बाहेर नेले. अर्ध्या तासाने पुढचा खेळ सुरू झाला, तेव्हा भिंतीवर दुसराच तरुण होता. आम्ही घरी आलो आणि जेवलो. त्याचे नाव काय, हे विचारावे असे आम्हांस सुचलेदेखील नाही.

पुढे आम्ही शिक्षक झालो आणि कोलाडला परतलो. वर्गात वर्तुळाकार गती शिकवताना फळ्यावर आम्ही कित्येकदा तीच विहीर काढली. विहिरीचा व्यास ३० फूट धरला, तर भिंतीवर टिकून राहण्यासाठी ताशी सुमारे ३० किलोमीटरचा वेग लागतो. त्याहून कमी झाला, की टायर आणि लाकूड यांच्यातील घर्षण अपुरे पडते आणि वजन खाली ओढते. ताशी ४० किलोमीटरला स्वाराच्या अंगावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट भार येतो. मान, पोट, डोळे सारेच त्या भाराखाली दबतात. हे गणित आम्ही न चुकता शिकवले. तो भार ज्याच्या मानेवर येतो, त्याचा उल्लेख मात्र एकदाही केला नाही.

या विषयाचे दुसरे टोक आम्हांस अनपेक्षितपणे सापडले. आमचा एक भाचा नोकरीनिमित्त न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरी आहे. काही वर्षांपूर्वी त्याने तेथील कँटरबरी संग्रहालयातल्या एका मोटारसायकलीचे छायाचित्र आम्हांस पाठवले. ती सोन्याचा मुलामा दिलेली जावा होती. जावा म्हटल्यावर आमच्या पिढीचे कान टवकारतातच. मूळ चेकोस्लोव्हाकियातील ही गाडी १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे तीच येझदी झाली. पण ही सोनेरी जावा रस्त्यावरची नव्हती. ती स्पीडवे शर्यतीची होती.

स्पीडवे हा खेळ आपल्याकडे रुजला नाही, म्हणून थोडे सांगतो. लंबगोल मैदान, वर भुसभुशीत मातीचा थर, चार स्वार, चार फेऱ्या. गाडी ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, आणि तिला ब्रेक नसतो. डावा पाय जमिनीवर टेकवून मागचे चाक घसरवीतच वळण घ्यायचे. सारी शर्यत मिनिटाभरात संपते. १५ डिसेंबर १९२३ रोजी ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे झालेल्या शर्यतींपासून या खेळाचा आरंभ मोजण्याची प्रथा आहे. १९२८ च्या फेब्रुवारीत तो इंग्लंडमध्ये हाय बीच येथे पोहोचला, आणि पुढे गावोगावच्या कष्टकरी लोकांचा आवडता खेळ ठरला.

ती सोनेरी गाडी आयव्हन मॉजर याची. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षे तो जगज्जेता झाला. एकूण सहा वेळा. १९७० ची अंतिम शर्यत पोलंडमध्ये होती. दोन अमेरिकन चाहत्यांनी आधीच बोलून ठेवले होते, की हा जिंकला तर त्याची गाडी आम्ही सोन्याने मढवू. तो जिंकला आणि त्यांनी शब्द पाळला. त्याच क्राइस्टचर्चचे आणखी दोघे जगज्जेते झाले: बॅरी ब्रिग्ज चार वेळा आणि रॉनी मूर दोन वेळा. एका शहरातील तिघांची मिळून बारा विजेतेपदे. आणि यांतील रॉनी मूर हा मौतच्या विहिरीच्या खेळातूनच आलेला! त्याच्या घरच्यांचा तो खेळ होता. मैदानावर येण्यापूर्वीच त्या पोराने लाकडी भिंत पाहिली होती.

भाच्याने पुढे जे कळवले, त्याने आम्ही अंतर्मुख झालो. तेथील चाहत्यांना आपल्या स्वारांचे विजय जितके पाठ आहेत, तितकेच त्यांचे पुढचे दिवसही ठाऊक आहेत. १९७२ च्या अंतिम शर्यतीत ब्रिग्जने हाताचे एक बोट गमावले, हे त्यांना ठाऊक आहे. १९७५ साली ऑस्ट्रेलियात मूरच्या डोक्याला गंभीर इजा झाली, हे ठाऊक आहे. मॉजरला अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंश झाला. सहा विजेतेपदे मिळवणाऱ्या त्या माणसाच्या आठवणी शेवटी चाहत्यांनाच जपाव्या लागल्या. मॉजर आणि मूर दोघेही २०१८ साली वारले. डेन्मार्कचा एरिक गुंडर्सन तीनदा जगज्जेता झालेला. १९८९ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे मरणाच्या दारातून परत आला, पुन्हा शर्यतीत उतरू शकला नाही, पण पुढे आपल्या देशाच्या संघाचा व्यवस्थापक झाला. स्वीडनचा पेर योन्सन १९९० चा विजेता. १९९४ साली पोलंडमध्ये पडला आणि चाकाच्या खुर्चीला खिळला. अशा जखमी स्वारांसाठी इंग्लंडात एक साहाय्य निधी चालतो आणि त्यासाठी मैदानावर प्रेक्षकांतून पैसे गोळा केले जातात.

तेथे सारेच उत्तम आहे, असे आम्ही म्हणत नाही. मैदाने बंद पडत आहेत आणि कित्येक स्वार हलाखीतही गेले असतील. पण पडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न तेथील प्रेक्षक विचारतो. आम्ही तो विचारला नव्हता.

पाऊस थांबेना. मिस्त्रीने स्टोव्हवर चहा ठेवला. आम्ही त्याला त्याच्याविषयी विचारू लागलो. तो खानदेशातला. सतराव्या वर्षी जत्रेबरोबर निघाला. एका दिवसात पंधरा-पंधरा खेळ, मुक्काम तंबूत, पगार मालकाच्या मर्जीवर. नोटांची कमाई तेवढी स्वतःची. विदर्भातील एका जत्रेत गाडीची साखळी तुटली आणि पाय तीन ठिकाणी मोडला. मालकाने पंधरा दिवस दवाखान्याचे पैसे दिले. मग जत्रा पुढच्या गावाला गेली.

"राग नाही आला?"

"जत्रा थांबत नसते, सर."

मग आम्ही त्याला माहीमची गोष्ट सांगितली. पस्तीसहून अधिक वर्षे ती कोणापाशी बोललो नव्हतो. तो माहीमला कधी गेला नव्हता; तेव्हा तो पडलेला तरुण हा नव्हे, हे उघड होते. आम्हांस त्याने हायसे वाटले, आणि वाटले याची लाजही वाटली.

त्याने चहा गाळला. "नोट मागं घेणारे रोज असायचे," तो म्हणाला. "एका खेळात दोन-तीन तरी. किती रुपयांची होती?"

"दहाची."

"मग तिच्यासाठी त्यानं अंग झोकलं नसतं. पन्नासची असती तर गोष्ट वेगळी. टायर गुळगुळीत झाला असेल. नाहीतर फळीवर तेल सांडलं असेल." तो क्षणभर थांबला. "आम्ही वर तोंडं बघत नव्हतो, सर. नुसते हात दिसायचे."

तो खरे बोलला, की आमचे मन राखले, हे आम्ही ठरवू शकलो नाही. तसे विचारण्याचा आम्हांस अधिकारही नव्हता.

निघताना आम्ही पंधरा वर्षांत न विचारलेली गोष्ट विचारली: त्याचे नाव. त्याने सांगितले. मग आपणहून म्हणाला, "बाकीच्यांचीही लिहून घ्या. माझ्याशिवाय कोणाला येत नाहीत." बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर त्याने एकेक नाव आठवीत सांगितले आणि आम्ही लिहीत गेलो. सात नावे झाली. दोघे वारले. एकाची पाठ मोडली. तो घरीच असतो. एक गुजरातेत रिक्षा चालवतो. एकीचे लग्न होऊन ती गावी स्थिरावली. ती साडी नेसून भिंतीवर चढत असे आणि सर्वांत अधिक नोटा तिलाच मिळत. दोघांचा पत्ता लागत नाही.

ती नावे येथे छापीत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारलेले नाही. कागद मात्र आमच्या टेबलाच्या खणात आहे. घरी राहिलेल्या त्या एकाचे गाव मिस्त्रीला ठाऊक आहे. दिवाळीनंतर शाळेला सुट्टी असेल तेव्हा जायचे ठरले आहे. मिस्त्री म्हणतो, एस.टी.ने जाऊ, मोटारसायकलवर लांबचा प्रवास त्याच्या पायाला सोसत नाही.