भिंतीपलीकडचं 'सावधान'

व्हिडिओ लाइव्ह दाखवायचा म्हणजे इंटरनेट पाहिजेच, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. यूट्यूब उघडा, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, झालं! पुण्या-मुंबईत चालून जातं हो. आमच्या गावात मात्र हे गणित कोलमडतं.

आमचं गाव फुलसावंगी. यवतमाळ जिल्हा, महागाव तालुका. २०२१ चा मे महिना. वर्क फ्रॉम होममुळे मी गावीच होतो आणि चुलत बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. तेव्हाचा नियम असा, की लग्नाला माणसं २५ आणि वेळ २ तास. सगळे भाऊबंद आमच्याच गल्लीत राहणारे, पण यादीत बसणार थोडेच. आणि आजी? वय ८६, त्यात दमा. डॉक्टरांनी सांगितलेलं, गर्दीत अजिबात आणू नका. तिची खाट शेजारच्या काकांच्या घरात हलवली. मधे फक्त एक भिंत.

काका म्हणाले, "अबे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग बुढीले घरबसल्या लग्न दाखव ना!"

मोबाइलचा अपलोड स्पीड मोजला. अर्धा एमबीपीएस, तोही मूड असेल तर. बरा दिसेल असा व्हिडिओ पाठवायला दीड-दोन तरी हवेत. म्हणजे यूट्यूब बाद. पण मग वाटलं, मांडव इथे, बघणारे तीस-चाळीस फुटांवर, मग व्हिडिओने जगाला वळसा घालून परत याच गल्लीत कशाला यायचं? लॅपटॉप आणि राउटर असला की नेटवर्क झालंच. त्याला इंटरनेट जोडलेलं असो वा नसो!

गंमत म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं व्हीएलसी नेमकं ह्याच कामासाठी जन्माला आलं. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल ह्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी कँपसच्या नेटवर्कवर व्हिडिओ दाखवण्यासाठी हा प्रकल्प सुरू केला. नाव ठेवलं व्हिडिओलॅन. नावातच 'लॅन' आहे बघा. व्हीएलसी म्हणजे मूळचं 'व्हिडिओलॅन क्लायंट'. २००१ मध्ये ते जीपीएल परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं झालं. आपण मात्र त्यावर वर्षानुवर्षं फक्त सिनेमे बघितले :)

तर सामान असं जमवलं: उबुंटू टाकलेला जुना लॅपटॉप, यूएसबी वेबकॅम, दोन राउटर आणि इथरनेटची लांब केबल (१०० मीटरपर्यंत चालते, गल्लीला पुरून उरते). एक राउटर मांडवात, दुसरा काकांच्या घरात नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून. लाइट जाणार हे गृहीत धरून दोन्ही इन्व्हर्टरवर.

आता पाठवायचं कसं? एक पद्धत मल्टिकास्ट. म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा, एकदा बोला, सगळे ऐकतील. दुसरी युनिकास्ट. म्हणजे घरोघर जाऊन पत्रिका देणं, प्रत्येकाला वेगळी प्रत. ऐकायला भोंगा भारी वाटतो, पण वाय-फायवर मल्टिकास्ट सहसा कमी वेगाने जातं आणि पाकीट पोचलं का, हे कुणी विचारत नाही. चित्र फुटतं. आमचे स्क्रीन चार. प्रत्येकी दीड एमबीपीएस धरले तरी सहाच झाले. म्हणून सरळ युनिकास्ट.

खरी अडचण वेगळीच होती: उशीर. एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे तुकडे करून पाठवतात. सहा-सहा सेकंदांचे तुकडे धरले आणि प्लेअर तीन तुकडे मागे राहिला, तर झाले १८ सेकंद. सोय मोठी, फोनच्या ब्राउझरमध्येच दिसतं. पण भटजींचा आवाज भिंतीतून थेट ऐकू येणार! इकडे अक्षता पडून हार घालून झाले तरी तिकडे स्क्रीनवर आंतरपाट धरलेलाच. क्रिकेटच्या मॅचमध्ये शेजाऱ्याच्या ओरडण्यावरून सिक्स कळते ना, तसं.

म्हणून ब्राउझरची सोय सोडली. व्हीएलसीतूनच एचटीटीपीवर सरळ प्रवाह सोडला, एन्कोडर कमी उशिराच्या सेटिंगवर ठेवला आणि आदल्या संध्याकाळी घरोघर फिरून फोनवर व्हीएलसी टाकून दिलं. पलीकडच्या व्हीएलसीचा बफर एक सेकंदाचाच राहू दिला. त्याहून कमी केला की वाय-फायवर चित्र अडखळत होतं. एकूण उशीर दोन सेकंदांच्या आसपास आला. त्याच्या खाली काही मी जाऊ शकलो नाही.

लग्न लागलं. आजीजवळ आत्या बसली होती, तिने नंतर सांगितलं. भिंतीपलीकडून 'सावधान' ऐकू आलं, आजीने अक्षता टाकल्या. दोन सेकंदांनी स्क्रीनवर पुन्हा 'सावधान', आजीने पुन्हा मूठ भरली. प्रत्येक मंगलाष्टकाला असंच. "दिसून राह्यली ना पोरगी," एवढंच म्हणाली म्हणे. खाटेभोवती तांदळाचा सडा पडला होता.

आजी पुढच्या वर्षी गेली. नात सासरी निघण्याआधी खिडकीतून हात करून गेली होती, पण लग्न तिने पाहिलं ते त्या स्क्रीनवरच.

ह्या सगळ्याचा खर्च केबलपुरता. डेटा शून्य, जाहिरात नाही, खातं नाही आणि घरातलं लग्न कुठल्या परक्या सर्व्हरवर गेलं नाही. आपण रोज ऑफिसात 'क्लाउडवर टाक' म्हणतो तेव्हा बघणारा नक्की कुठे बसलाय, हे आधी विचारायला हरकत नाही. कधी कधी तो फक्त एका भिंतीपलीकडे असतो.

असो. जुना लॅपटॉप पडून असेल तर ह्या वीकांताला बाहेर काढा. व्हीएलसीच्या मीडिया मेनूत 'स्ट्रीम' नावाचा पर्याय कधीपासून तुमची वाट बघतोय.