टाक्यावरचा भार

गोधडीतला धावदोरा नक्षीसाठी घातलेला नसतो. आत जुनेराचे चार-पाच थर असतात. धुताना ते सरकून गोळा होऊ नयेत म्हणून जवळजवळ ओळी घालाव्या लागतात. कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत शिवत गेलं की कापडावर बारीक लाटा उठतात. गोधडीचं रूप असं गरजेतून येतं.

मी ट्रॉम्ब्यात गोधड्या शिवते. कोळीवाड्यातून, चिता कॅम्पातून आलेली गाठोडी सोडली की कपड्यातला बदल आधी बोटांना कळतो. सुती लुगडं, गिरणीचं व्हॉइल आता क्वचितच निघतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि घरोघर पॉलिस्टर आलं. या धाग्याचं मूळ खनिज तेलात. शेजारच्या माहुलला १९५४ आणि १९५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, तेव्हा इथल्या आज्या सुती जुनेरच शिवत होत्या. पॉलिस्टर घाम टिपत नाही, सुईखाली निसटतं. म्हणून मी अंगाला लागणारा थर सुतीच ठेवते, पॉलिस्टर मधे घालते आणि आधी सगळीकडे कच्चे टाके मारून घेते.

आता गोधडी भिंतीवरही चढली आहे. अंतर्गत सजावट करणारे रंग सांगून काम मागतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या. बायकांच्या शिवणाला कला म्हणून मान मिळाला, तो त्यांचा हक्कच होता.

पण भिंतीवरच्या गोधडीला कुणी पांघरत नाही, पिळत नाही. तिथे टाका सैल पडला तरी कुणाला कळणार नाही, आणि कसब नेमकं तिथूनच झिजायला लागतं. त्यामुळे भिंतीसाठीचं कामही मी पांघरायच्या गोधडीइतकंच घट्ट शिवते. देण्याआधी ते धुते, पिळते, उन्हात वाळवते. थर हलले, तर ओळी पुन्हा घालते. गोधडीची जागा बदलली तर बदलू दे. टाक्यावरचा भार मी उतरू देणार नाही.