दोन दुष्काळ

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्यात, कितीतरी घरे कोरडवाहू कापसावर चालतात. पाऊस फिरला की वर्ष बुडते, सावकाराचे व्याज मात्र चालूच राहते. कधी घरातला कर्ता माणूसच या ओझ्याखाली जीव देतो, आणि सांत्वनाला आलेले लोक ‘देवाची इच्छा’ म्हणून उठतात. ख्रिस्ती मंडळीत त्याला आणखी एक जोड मिळते: देव आपल्या लेकरांना दुःखाच्या भट्टीत घालून शुद्ध करतो. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, हे मान्य. पण हे अर्धेच सत्य आहे, आणि शोकात बुडालेल्या माणसाला अर्धे सत्य फार लागते. नुसत्या दुःखाने कोणाचा आत्मा वाढत नाही. या दुःखातही देवाने आपला हात सोडलेला नाही हे ज्याला उमगते, आणि त्या बळावर जो दुसऱ्याच्या दुःखाकडे चालू लागतो, तो वाढतो.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य याची साक्ष देते. 1858 मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी विशीच्या आत दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. ज्या कुटुंबाने जन्मभर तीर्थे केली, पुराणे सांगितली, त्याची ही गत झाली. त्या उपासमारीने रमाबाईंना श्रद्धा दिली नाही; होती ती हिरावून घेतली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले, पदरात तान्ही मनोरमा राहिली. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांच्या सोबतीण आनंदीबाई भगत यांनी आपले जीवन संपवले, आणि त्याच वर्षी, 29 सप्टेंबरला, रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. परका देश, तीच थंडी, तेच एकटेपण. एकीला ते सोसवले नाही, दुसरी त्यातून पुढे गेली. शुद्ध करण्याची शक्ती दुःखातच असती तर असे झाले नसते. शिवाय बाप्तिस्म्यानेही सगळे संपले नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त पुष्कळ वर्षांनी सापडला, असे त्यांनी 1907 मधल्या आपल्या साक्षीत सांगितले आहे.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने खंगलेल्या शेकडो मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावची ‘मुक्ती’ ही आश्रयसंस्था त्यातून उभी राहिली. भूक पूर्वीचीच होती. पहिल्या वेळी तिने देवाचे दार बंद केले, दुसऱ्या वेळी रमाबाईंनी आपले दार उघडले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल संकटापासून धीर, धीरापासून शील आणि शीलापासून आशा अशी साखळी सांगतो. ती साखळी तो अंतःकरणात ओतल्या गेलेल्या देवाच्या प्रीतीवर टांगतो, हे आपण विसरतो. ती प्रीती काढून घेतली तर संकटातून कडवटपणाही तितकाच सहज जन्मतो.

यावर आक्षेप येईल की ही शिकवण गरिबाला गप्प बसवते. तसा तिचा वापर झाला आहे, हे नाकारता येत नाही. पण पवित्र शास्त्र गप्प बसायला शिकवत नाही. ईयोब देवाशी भांडतो, आणि शेवटी देवाचा कोप होतो तो त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांवर. येशू लाजरच्या कबरेपाशी रडला, गेथशेमानेत त्याने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली. दुःखच पवित्र असते तर त्याने रोग्यांना बरे कशाला केले असते? दुसरा आक्षेप असा की श्रद्धेविनाही माणसे दुःखातून मोठी होतात. होतात, आणि त्याचा आनंदच मानावा. ख्रिस्ती श्रद्धेचे सांगणे वेगळे आहे: देव दुःखाचा हिशेब देत नाही, वधस्तंभावर तो स्वतः त्यात उतरतो. म्हणून जे मोडून पडले, त्यांची श्रद्धा कच्ची होती असा निवाडा करण्याचा हक्क आपल्यापैकी कोणालाच नाही.

1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंना तेव्हा ऐकू येईनासे झाले होते. तरी खेड्यातल्या साध्या बाईला कळावे म्हणून त्या सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करीत राहिल्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. आत्म्याच्या त्या वाढीला अश्रू पुसून टाकावे लागले नाहीत. अश्रूंसकट ती कामाला लागली. आदिलाबादच्या मंडळींनी हेच करावे. पीक बुडालेल्या घरी जाताना देवाच्या इच्छेचा अर्थ सांगायची घाई नको. आधी भाकरी न्यावी, पोरांच्या फीचे बघावे, कर्जाचे कागद बरोबर बसून वाचावेत, आणि रडणाऱ्याला रडू द्यावे. केडगावची ‘मुक्ती’ आजही सुरू आहे.