ॲव्हरेज किती देते?

आपल्या व्यापारी घरांत नवी किंवा जुनी कोणतीही गाडी दारी येण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारला जातो : ॲव्हरेज किती देते? रंग, आसने, आवाज यांची चौकशी त्यानंतरची. गेले दोन महिने हा प्रश्न मी स्वतःलाच विचारीत होतो. कारण वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एक वापरलेली बीएमडब्ल्यू माझ्या मनात भरली होती.

गाडी २०२१ सालची, एम ३४० आय. तीन लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले पेट्रोल इंजिन, साडेतीनशेहून अधिक अश्वशक्ती, चारही चाकांना गती आणि वजन सुमारे पावणेदोन टन. भारतात ती आली तेव्हा शोरूममधील किंमत ६२ लाख ९० हजार रुपये होती. पुण्यातील मालकाची अपेक्षा ४५ लाखांची. शहरात लिटरला आठ किलोमीटर मिळतात, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. आमची सध्याची गाडी सोळा देते. सांगलीत घर ते पेढी, पेढी ते मार्केट यार्ड आणि महिन्यातून एखाददुसरी पुण्याची फेरी, असे माझे वर्षाचे धावणे १२ हजार किलोमीटरांच्या आसपास जाते.

हिशेब मांडला. सोळाच्या गाडीला वर्षाला ७५० लिटर लागतात, आठच्या गाडीला १,५००. लिटरला १०५ रुपये धरले तर फरक ७८ हजार ७५० रुपयांचा. पेट्रोलचा प्रत्येक लिटर जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे माझ्या हौसेपायी वर्षाला पावणेदोन टनांच्या आसपास जादा धूर.

हा हिशेब करताना एक गोष्ट ध्यानात आली. ‘लिटरला किती किलोमीटर’ हे आपले माप थोडे फसवे आहे. आठची गाडी दहा देऊ लागली, तर शंभर किलोमीटरमागे अडीच लिटर वाचतात. सोळाची गाडी वीस देऊ लागली, तर वाचतात अवघे सव्वा लिटर. कानाला मात्र दुसरी सुधारणा दुप्पट मोठी वाटते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अभ्यासकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला होता. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात, हे माप रूढ आहे. व्यापाऱ्याला तेच सोयीचे. कारण आपण माल किती खपला हे मोजतो, आणि इथे खपणारा माल पेट्रोल आहे.

ताकदवान गाडी हळू चालवूनही जास्त का पिते, हेही समजून घेतले. मोठे इंजिन हलक्या कामावर ठेवले तर त्याच्या शक्तीचा बराच भाग स्वतःचे घर्षण सोसण्यात आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात जातो. दहा क्विंटलांच्या काट्यावर पावशेर हळद तोलावी, तसे ते काम. त्यातून आमच्या फेऱ्या चार-चार किलोमीटरांच्या. इंजिन पुरते तापण्याआधीच पेढी येते, आणि थंड इंजिनाला इंधन अधिक लागते. महामार्गावर शांतपणे धावताना हीच गाडी बरीच काटकसरी होते. पण तिथेही वेगाला किंमत आहे. ताशी ८० वरून १२० वर गेले की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे. मुभा असली म्हणून पेट्रोलचे बिल कमी होत नाही.

पेट्रोलमधील इथेनॉलचाही विचार करावा लागला. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. जुनी गाडी घेणाऱ्याने निर्मात्याने कोणते मिश्रण मान्य केले आहे, हे पुस्तिकेत वाचूनच पुढे जावे. आणि ॲव्हरेज पडद्यावरील आकड्यावरून न ठरवता टाकी काठोकाठ भरून, दोन-तीनशे किलोमीटर चालवून, पुन्हा काठोकाठ भरून काढावे.

इथवर सगळे पेट्रोलचे झाले. मग वहीच्या दुसऱ्या पानावर मी भांडवल लिहिले. ४५ लाखांवर नऊ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ४ लाख ५ हजार. ज्या पेट्रोलच्या फरकाची मी इतके दिवस चिंता वाहत होतो, तो या व्याजाच्या एक पंचमांशाहूनही कमी निघाला. विमा, टायर, ब्रेक, घसारा अजून बाहेरच. आयकरात पेढीच्या गाडीवर १५ टक्के घसारा मिळतो खरा, पण करातील सवलतीसाठी खर्च करणे म्हणजे दमडीच्या कोंबडीला रुपयाचा मसाला.

तो कागद मी थोरल्या बंधूंसमोर, अण्णांसमोर ठेवला. पेढी आम्हा दोघांची, भांडवल निम्मे-निम्मे. वडिलांच्या पश्चात तीस वर्षांत आमच्यात हिशेबावरून शब्द झालेला नाही. अण्णा आजही पेढीवर स्कूटरने येतात. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “गाडी वाईट नाही. ती कुणाच्या नावे टाकायची, तेवढं सांग.”

त्या एका वाक्यात सगळे आले. हंगामात क्विंटलला १५ हजार धरले, तर ४५ लाख म्हणजे ३०० क्विंटल हळद. सौदा झाला की शेतकऱ्याला पैसे वेळेवर द्यावे लागतात. आमच्या अडतीची पत त्या वेळेवर उभी आहे. एका भावाने हंगामाच्या तोंडावर एवढी उचल करायची आणि दुसऱ्याने बाजारात त्यासाठी हात पसरायचा, हे कोणत्याही ॲव्हरेजमध्ये बसत नाही. अण्णांनी नकार दिला नसता. म्हणूनच त्यांना तशी वेळ येऊ न देणे माझे काम होते.

“पेढीतून नको अण्णा. घेतली तर माझ्या बचतीतून, आणि हंगाम संपल्यावर,” मी म्हणालो. त्यांनी कागद घडी करून मला परत दिला आणि लिलावाची वेळ झाल्याची आठवण केली.

पुण्याच्या गृहस्थांना मी दूरध्वनी करून तसे कळवले. माझी इच्छा मेलेली नाही. दरमहा माझ्या खात्यातून एक रक्कम वेगळी पडू लागली आहे. अशा गाड्यांचे भाव वर्षागणिक उतरतात, तेव्हा थांबणाऱ्याचे नुकसान नाही. पुढल्या वर्षी तशीच दुसरी गाडी समोर आली, तर आधी तिची सर्व्हिसची वही पाहीन, टाकी भरून चालवून पाहीन आणि सौद्याआधी अण्णांना शेजारी बसवून पेठ नाक्यापर्यंत एक फेरी मारून आणीन. त्यांना ती आवडते का, हेही मला जाणून घ्यायचे आहे.