वाटाघाटींना मुदत हवी

अमेरिकेतल्या वैमानिकांच्या संघटनांना लागू असलेला कायदा मुळात रेल्वेसाठी केलेला. ‘रेल्वे लेबर ॲक्ट’, 1926. दहा वर्षांनी, 1936 मध्ये, तो विमान कंपन्यांनाही लावला. संपामुळे देशाची वाहतूक ठप्प होऊ नये, हा त्याचा हेतू. त्या हेतूशी माझं भांडण नाही. वाटाघाटी कधी संपवायच्या, हे मात्र त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

*

या कायद्याखालचा करार कधी संपतच नाही. ठरलेल्या तारखेला तो दुरुस्तीसाठी खुला होतो, आणि नवा होईपर्यंत जुनेच पगारदर, जुन्याच अटी. बोलणी अडली की ‘नॅशनल मीडिएशन बोर्ड’ मध्यस्थीला येतं. तीन सदस्य, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. मध्यस्थी किती काळ चालवायची, ते बोर्डच ठरवतं, आणि बोर्डाने सोडल्याशिवाय संप करता येत नाही. सोडताना लवादाचा प्रस्ताव. तो एका बाजूने जरी नाकारला तरी आणखी 30 दिवस थांबायचं. त्यानंतरही राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून संप पुढे ढकलू शकतात.

*

फेब्रुवारी 1997. अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक मध्यरात्री संपावर गेले आणि काही मिनिटांतच राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आणीबाणी मंडळ नेमलं. 1998 मध्ये नॉर्थवेस्टच्या वैमानिकांचा संप मात्र पंधरा दिवस चालला. कायदा तोच, राष्ट्राध्यक्षही तेच. संप करता येईल की नाही हे शेवटच्या रात्री कळणार असेल, तर कंपनी आणि संघटना दोघीही टेबलावर खरा आकडा ठेवत नाहीत.

*

साउथवेस्टच्या वैमानिकांचा करार सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्तीला आला. नवा करार मंजूर व्हायला जानेवारी 2024 उजाडलं. मधे कोविड होता, हे खरं. पण विमानं पुन्हा भरून उडू लागल्यावरही बोलणी रेंगाळलीच. जुने दर ज्याला परवडतात, त्याला घाई कशाला असेल?

*

‘पटत नसेल तर दुसरी कंपनी बघा’ हा सल्ला वैमानिकाला लागू पडत नाही. कोणतं विमान, कोणता मार्ग, कोणती सुट्टी, कॅप्टनपद कधी, हे सगळं ज्येष्ठता यादीवर ठरतं, आणि ती यादी त्या कंपनीपुरतीच. वीस वर्षांचा अनुभवी माणूस दुसरीकडे गेला की यादीत सर्वांत खाली. म्हणून सामूहिक करार हाच त्याचा आधार.

*

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. 2001 मध्ये कॉमएअरच्या वैमानिकांचा संप 89 दिवस चालला. छोट्या शहरांना जोडणारी सेवा इतके दिवस बंद पडली, तर झळ वाटाघाटींशी काडीचा संबंध नसलेल्यांना बसते. त्यामुळे थांबण्याचा काळ कायद्यात असावाच. त्याचा शेवट कधी, हेही त्याच कायद्यात असावं.

*

आपल्याकडे 2009 मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजमध्ये संघटना उभी करणाऱ्या दोन वैमानिकांना काढलं, आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे सहकारी आजारपणाच्या रजेवर गेले. पाच दिवस उड्डाणं कोलमडली. कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. आता, नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा म्हणजे संपच. रीतसर संपाला 14 दिवसांची नोटीस. त्यात समेटाची कारवाई सुरू झाली की संपाला मनाई. वाद न्यायाधिकरणात गेला की ते प्रकरण चालू असेपर्यंत आणि नंतरचे 60 दिवसही मनाई. तिथे अर्ज मालकही करू शकतो.

*

शिवाय 2017 मध्ये विमान वाहतूक नियामक डीजीसीएने कमांडरच्या राजीनाम्याची नोटीस एक वर्षाची केली, सहवैमानिकाची सहा महिन्यांची. म्हणजे एकत्र येऊन अडवता येत नाही आणि एकट्याने चटकन निघताही येत नाही.

*

दुरुस्ती काय हवी? अमेरिकेत, मध्यस्थीला कायद्यात लिहिलेली कमाल मुदत. नवा करार कधीही होवो, वाढीव पगार जुन्याची तारीख उलटल्या दिवसापासून. म्हणजे उशीर करून कुणाचा फायदा होणार नाही. पगाराचा वाद हवा तर लवादाकडे जाऊ दे, पण विश्रांतीचे तास दोन आकड्यांच्या मधोमध तोडण्याची गोष्ट नव्हे. आणि भारतात, न्यायाधिकरणाने निकाल कधी द्यायचा याची तारीख. ती तारीख चुकली, तर संपावरची बंदीही त्याच दिवशी उठावी.