दहा इंची चाक

डोंबिवलीकराच्या नशिबातून दोन गोष्टी कधी चुकत नाहीत. एक म्हणजे सकाळची गर्दीची लोकल आणि दुसरी म्हणजे पंक्चर! लोकलवर आपल्या अंकात दरवर्षी एक तरी लेख असतोच. पंक्चरवर मात्र कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. म्हटलं, हा मान आपणच घ्यावा.

'टायरवर कसला लेख लिहितेस? पावसावर लिही, पहिल्या प्रेमावर लिही...' इति माझी मैत्रीण (कॉम्प्युटर ब्रँच, त्यामुळे माफ). पण आमच्या घरी पाऊस आणि टायर हे विषय वेगळे नाहीतच. मे महिना संपत आला की लोक छत्र्या दुरुस्तीला टाकतात. आमच्याकडे स्कूटर स्टँडवर घेऊन टायर तपासतात.

याला कारण बाबा. बाबा आयटीआय फिटर. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं काम करतायत. त्यांच्या आयुष्यातली पहिली मोठी खरेदी म्हणजे १९९८ साली घेतलेली बजाज चेतक. लग्नाच्या आधीची, म्हणून आई तिला 'थोरली' म्हणायची!

आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी चेतक चालवलेली नसेल, म्हणून थोडी माहिती. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव असलेली ही स्कूटर १९७२ मध्ये आली. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची म्हणे. २००९ च्या शेवटी कंपनीने स्कूटर बंद करायचं जाहीर केलं आणि २०२० मध्ये ते नाव इलेक्ट्रिक स्कूटरवर परत आलं. पण मला सगळ्यात आवडतं ते हिचं कूळ. बजाजची स्कूटर मुळात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या लायसन्सवर सुरू झाली, म्हणजे चेतकची आजी ती १९४६ ची व्हेस्पा. व्हेस्पा डिझाइन करणारा कोरादिनो दास्कानिओ हा विमानांचा इंजिनिअर, हेलिकॉप्टरवर काम केलेला. त्याला मोटारसायकल अजिबात आवडायची नाही. कपडे काळे होतात, बसायला अवघड आणि पंक्चर झालं की चाक काढताना जीव जातो, ही त्याची तक्रार. मग त्याने विमानाच्या लँडिंग गिअरसारखं चाक एकाच बाजूने बसवलं. दुसरी बाजू मोकळी! नट काढा, चाक ओढा, दुसरं लावा. चेन नाही, मधे काही नाही.

ज्या माणसाला हात काळे करायला आवडत नव्हतं, त्याने पंक्चर झालेल्या माणसाचा एवढा विचार केला. आपल्याकडे मशीन डिझाइनच्या पेपरात 'मेंटेनन्स सोपा असावा' हा मुद्दा शेवटी एका ओळीत येतो, तोसुद्धा मार्क भरायला!

मी आठवीत असताना बाबांनी मला थोरलीचं चाक बदलायला शिकवलं. रविवारी सकाळी, बिल्डिंगच्या खाली, सगळ्या गॅलऱ्यांमधून प्रेक्षक. 'अहो, मुलीला कशाला?' असं एका काकूंनी वरून विचारलंही. बाबा म्हणाले, 'वहिनी, पंक्चर काय मुलगा-मुलगी बघून होतं का?' विषय संपला.

पद्धत अशी. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे, कारण स्टँडवर घेतल्यावर चाक गरागरा फिरतं आणि पाना नुसता घसरतो. मग स्कूटर कलती करून नट काढायचे, चाक बाहेर, स्टेपनी आत. नट आवळताना एकाशेजारचा एक असे नाही, समोरासमोरचे घ्यायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. चेतकची पुढची, मागची आणि स्टेपनी ही तिन्ही चाकं सारखीच, ३.५० बाय १० ची. कुठलंही कुठेही!

त्यात एक गोष्ट बाबांनी मला तीनदा म्हणायला लावली. या चाकाची रिम दोन भागांची असते, दोन थाळ्या एकमेकींना नटांनी जोडलेल्या. त्यामुळे टायर काढायला पट्ट्या घालून झटापट करावी लागत नाही, रिम उघडली की टायर हातात. पण हे रिमचे नट वेगळे आणि चाक हबला धरणारे नट वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना रिमचे नट सोडले तर दोन्ही भाग उडून तोंडावर येऊ शकतात. 'आधी हवा, मग रिम. आधी हवा, मग रिम. आधी हवा, मग रिम.' वर्कशॉप प्रॅक्टिसच्या सरांनी सेफ्टीवर पूर्ण लेक्चर घेतलं होतं, त्यातलं आता काही आठवत नाही. हे मात्र झोपेत विचारा.

आणि 'स्टेपनी' हा शब्द आपला वाटतो ना? तो वेल्सचा. १९०४ च्या सुमाराला तिथल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी मोटारींसाठी जादा चाक काढलं. तिकडे हा शब्द जवळजवळ विसरला गेला, आपल्याकडे प्रत्येक गॅरेजमध्ये जिवंत आहे.

थोरलीचे पार्ट मिळेनासे झाले आणि २०१९ मध्ये ती विकावी लागली. तोपर्यंत घरात धाकटी आलेली होती, आईची सेकंडहँड गिअरलेस. आई कल्याणला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. महिन्यातून आठ-दहा नाइट ड्यूट्या. रात्री डोंबिवली पूर्वेहून पत्री पुलावरून कल्याण, सकाळी परत. जुना पत्री पूल २०१८ मध्ये पाडला आणि नवीन जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात तिने तिथे जेवढा वेळ काढला, तेवढ्यात माझी एक डिग्री झाली असती.

गिअरलेस चालवायला सोपी, मान्य. पण मागचं चाक काढायला आधी सायलेन्सर काढा, मग तो मोठा अ‍ॅक्सल नट. रस्त्यावर एकट्या बाईने करायचं काम नाही आणि एकट्या पुरुषानेही नाही. स्टेपनी तर नाहीच. टायर ट्यूबलेस आहेत हा दिलासा. खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही आणि चाक न काढता बाहेरूनच पंक्चर निघतं. फक्त खिळा दिसला की तिथल्या तिथे उपटायचा मोह आवरायचा. तो आत आहे तोवर बऱ्यापैकी बुचाचं काम करतो. दुकानापर्यंत तसंच हळू जायचं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी मे महिन्यात तपासणी केली तेव्हा धाकटीचा मागचा टायर मधोमध गुळगुळीत झालेला होता. मागचा आधी झिजतो, कारण ढकलणारं चाक तेच आणि जास्त वजनही त्याच्यावर. टायरच्या नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात. बाजूला 'टीडब्ल्यूआय' लिहिलेलं दिसेल, त्या रेषेत शोधा. रबर झिजून त्या उंचवट्यांना टेकलं की टायर संपला. दुचाकीला कायद्याने कमीत कमी ०.८ मिलिमीटर खोली लागते. आमचा टायर उंचवट्यांच्याही खाली गेलेला. पंक्चरवाले चाचा म्हणाले, 'अभी और छह महिना चलेगा, मॅडम.' आईला तेच ऐकायचं होतं. माझी फी भरायची होती, मिक्सर बिघडलेला होता आणि दोन टायर म्हणजे फिटिंगसकट अडीच-तीन हजार.

'दिवाळीला बघू,' आई म्हणाली.

दिवाळी पावसाळ्यानंतर येते, हा सगळा प्रॉब्लेम! आमच्या एमआयडीसीतला रस्ता २०२० मध्ये केमिकलने गुलाबी झाला होता, तेही चालवून घेतलं आम्ही. पण गुळगुळीत टायर पावसात चालवून घेता येत नाही. टायरच्या खोबणी पाणी बाजूला सारतात. त्या नसल्या की रबर आणि रस्त्याच्या मधे पाणी राहतं, मग पेव्हर ब्लॉक, गटाराचं झाकण, झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग, कुठेही चाक सुटतं. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे पाच जणांचे जीव गेल्याच्या बातम्या होत्या. त्यातल्या एका अपघाताचं सीसीटीव्ही फुटेज तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. आमच्या घरात ते कोणी पूर्ण बघितलं नाही. तो आईचा रोजचा रस्ता होता.

मी माझं शस्त्र काढलं, म्हणजे एफईचं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स! आठवतोय का तो प्रॉब्लेम, रोलर पायरीवर चढवायला लागणारा आडवा फोर्स काढा? रोलरच्या जागी चाक ठेवा, पायरीच्या जागी खड्ड्याची ७५ मिलिमीटरची कड. ९०/१०० बाय १० टायर धरून आमच्या चाकाची त्रिज्या साधारण २१७ मिलिमीटर. १८ इंची मोटारसायकलच्या चाकाची साधारण २९८. कडेच्या टोकाभोवती मोमेंट घ्या. मोटारसायकलला चाकावरच्या वजनाच्या ०.८९ पट फोर्स लागतो, स्कूटरला १.१६ पट. स्प्रिंग आणि वेग यात धरलेला नाही, पण मुद्दा कळतो. लहान चाकाला तोच खड्डा मोठा असतो.

फ्री बॉडी डायग्राम वगैरे काढून मी आईसमोर ठेवली. आईने ती बघितली आणि म्हणाली, 'छान काढलीयस. भाजी ढवळ जरा.'

बाबा हसले. मग त्यांनी तोच कागद घेतला आणि मला विचारलं, 'मागच्या चाकावर वजन किती येत असेल?' गाडी आणि आई मिळून १७० किलो धरले, तर मागे साधारण १००. हवा २९ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलो. १०० भागिले २, पन्नास चौरस सेंटिमीटर. बाबांनी पट्टीने सात बाय सातचा चौकोन आखला आणि कागद आईच्या हातात दिला. 'एवढंच रबर रस्त्याला टेकलेलं असतं. अर्ध्या पोस्टकार्डापेक्षा कमी. तू रात्री साडेनऊला एवढ्याशावर जातेस.'

आईने त्या चौकोनावर तळहात ठेवून बघितला. तळहाताखाली चौकोन दिसेनासा झाला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मिक्सर राहू दे.'

शनिवारी आम्ही टायर आणायला गेलो. दुकानदाराने काढून दिलेला टायर नवा कोरा, काळाभोर चकचकीत. बाबांनी बाजूवर बोट फिरवत चार आकडे शोधले. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. ३२१८ असेल तर २०१८ चा बत्तिसावा आठवडा. तो टायर पाच वर्षं गोदामात पडलेला निघाला. रबर न वापरताही कडक होतं आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. बाबांनी शांतपणे तो परत ठेवला आणि 'ताजा द्या' म्हणाले, भाजीवाल्याला सांगतात तसं. ताजा मिळाला. बाजूवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेने आहे ना, हे मी बघितलं.

स्वस्तातली गाडी स्वस्तात नीट ठेवायला फार काही लागत नाही. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा बघायची. ती पंपावर फुकट असते. (पैसे देऊन नायट्रोजन भरणाऱ्यांनी बारावीची केमिस्ट्री आठवावी, साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच!) व्हॉल्व्हची टोपी हरवू द्यायची नाही. इंजिन ऑइल वेळेवर, एअर फिल्टर साफ, ब्रेक सैल झाला की केबल आवळायची. आणि कापलेल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, लावून पुढच्या चाकात कधी घालायचा नाही. मागचं चाक घसरलं तर कधी कधी सावरता येतं, पुढचं घसरलं तर तेवढा वेळच मिळत नाही.

मला अनेकदा वाटतं, आपण चार वर्षांत एवढी डेरिव्हेशन्स करतो, त्यातलं घरी कोणाच्या कामाला येतं? बाबांना तो पायरीचा फॉर्म्युला माहीत नव्हता. त्यांना हे मात्र माहीत होतं, की आईला आकडा दाखवून उपयोग नाही, चौकोन दाखवायला हवा. हे कुठल्या सेमला आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

असो. आता एक काम करा. पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीपाशी खाली बसा, ते चार आकडे वाचा, खोबणीत नख घालून बघा. आईची किंवा बाबांची गाडी असेल तर ती आधी. आणि पाना लागला, तर मेकॅनिकलच्या मुलींकडे मागा.